कानस मारायला मी कधी शिकलो

जोडारी, म्हणजे फिटर ट्रेडला आलेल्या पोराच्या हातात पहिल्या महिन्यात आम्ही दोनच गोष्टी देतो. एक लोखंड घासायची कानस आणि एक लोखंडाचा ओबडधोबड तुकडा. त्या तुकड्याला आमच्यात 'जॉब' म्हणतात. (बाहेर लोक जॉब शोधत हिंडतात, आमच्याकडं तो पहिल्याच आठवड्यात टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शेगड्यात आवळलेला असतो.) काम एवढंच की तुकडा सपाट करायचा आणि कडा एकमेकींना काटकोनात आणायच्या. पोरगं दोन दिवस घाम गाळतं, तळहाताला फोड आणतं आणि जॉब घेऊन माझ्यापुढं उभं राहतं. मी गुण्याचं, म्हणजे काटकोन तपासायच्या अवजाराचं पातं जॉबवर टेकवतो, खिडकीकडं तोंड करतो. पात्याखालून दोन्ही कडांना उजेड दिसतो, मधे दिसत नाही. म्हणजे मधला भाग उंच, कडा खाली.

"पोट आलंय," मी म्हणतो. "जा, परत."

हे 'जा, परत' मी आठ वर्षं म्हणत होतो.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये मी शिल्पनिदेशक आहे. हा शब्द सरकारी कागदावरच भेटतो. गावाकडं कुणी विचारलं तर आई सांगते, "आयटीआयत मास्तर हाय." २००६ साली लागलो. त्याआधी मी स्वतः जोडारीच केलेली, मग वाळूजला एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस आणि नंतर तिथंच मेंटेनन्सला चार वर्षं. हाताला काम येत होतं. ज्याला काम येतं त्याला शिकवताही येतं, असं मी धरून चाललो होतो. मला निवडणाऱ्यांनीही तेच धरलं असावं.

खरं तर या समजुतीवर मी तरी विश्वास ठेवायला नको होता, कारण आमचं घर लोहाराचं. पेरणीच्या तोंडाला दादांच्या, म्हणजे वडिलांच्या भट्टीपुढं रांग लागायची. फाळ, वखराच्या पासा, विळे, कुऱ्हाडी. छिन्नीला पाणी द्यावं तर त्यांनीच, असं आजूबाजूच्या चार गावांत बोललं जायचं. लालभडक झालेलं टोक पाण्यात बुडवायचं, लगेच काढायचं, दगडावर घासून चकाकी आणायची आणि मग मागच्या भागातली धग टोकाकडं सरकते तसे त्या चकाकीवर रंग चढताना बघत बसायचं. आधी वाळल्या कडब्यासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग टोकाला पोचला की पुन्हा पाण्यात. मी भाता ओढत विचारायचो, "दादा, नेमकं कधी बुडवायचं?"

"बघ."

एवढंच. त्यांच्या सगळ्या शिकवण्यात हा एकच शब्द होता. थोरल्या भावाला तेवढा पुरला, मला नाही पुरला. पुढं पुस्तकात वाचलं की तो पिवळा रंग साधारण २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास, आणि तो रंग म्हणजे पोलादावर चढत गेलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. दादांना यातला एकही आकडा माहीत नव्हता. मला सगळे माहीत आहेत, आणि आजही मी पाणी दिलेल्या तीन छिन्न्यांतली एखादी मऊ राहते नाहीतर टवका उडून येते.

नोकरीत पाच वर्षं झाल्यावर निदेशकांच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणाला मुंबईत चुनाभट्टीला गेलो. तिथं पाठाच्या चार पायऱ्या शिकवल्या: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. पाठ केल्या, तक्ते रंगवले, परीक्षा पास झालो. या चार पायऱ्या कुठून आल्या हे तेव्हा मला कळलं नाही, खूप नंतर कळलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईनं जहाजं बांधायची होती आणि गोदीत हजारो नवखे कामगार भरले होते. त्यांना झटपट तयार करण्यासाठी चार्ल्स ॲलन नावाच्या माणसानं ही चार पायऱ्यांची रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धात तीच पुन्हा कारखान्यांत फिरली, आणि तेव्हा मुकादमांच्या खिशात जे कार्ड असायचं त्यावर स्पष्ट बजावलेलं होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. म्हणजे चौथ्या पायरीवर परीक्षा दोघांची. मला मात्र चाचणी म्हणजे पोराची चाचणी, एवढाच अर्थ लागला होता. पोट आलंय, जा, परत.

या गाडीला खीळ घातली बायकोनं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मुक्त विद्यापीठातून बी.एड. करताना तिला कृतिसंशोधनाचा एक प्रकल्प होता. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९४६ साली ही कल्पना मांडली, असं तिच्या नोट्समध्ये होतं. काम करणाऱ्यानं आपल्याच कामातली अडचण हेरायची, काहीतरी बदल करून बघायचा, काय झालं ते नोंदवायचं आणि पुन्हा बदलायचं. बहुतेकांचं कृतिसंशोधन सबमिशनच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होतं, हेही तिनंच सांगितलं. तिनं मात्र खरोखर केलं. तिसरीची लेकरं वजाबाकीत हातचा घेताना चुकतात. तिनं तीन आठवडे चुकलेलं प्रत्येक गणित वहीत उतरवून घेतलं, तेव्हा निम्म्याहून जास्त पोरं एकाच जागी अडखळतात हे तिला दिसलं. वरच्या संख्येत मधे शून्य आलं की गाडी घसरते.

रात्री जेवताना मी नेहमीसारखा माझ्या तुकडीच्या नावानं खडे फोडत होतो. ती म्हणाली, "तुमच्या पोरांच्या जॉबला पोट का येतं, ते कधी लिहून काढलंय का?"

मी म्हणालो, त्यात लिहायचं काय, हात हलतो म्हणून येतं.

"हात का हलतो?"

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही घेतली. मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. पंधरा दिवसांनी तिला वाचायला दिली. त्यात होतं: 'लक्ष नाही.' 'जोर लावत नाही.' 'मोबाइल.' 'आळशी.' 'याला दोनदा सांगितलं तरी तेच.' तिनं चार पानं उलटली आणि म्हणाली, "ही तर पोलीस डायरी झाली."

राग आला, पण म्हणणं खरं होतं. मेंटेनन्सला असताना यंत्र बिघडलं तर 'यंत्र आळशी आहे' असं मी कधी लिहिलं नव्हतं. आवाज कुठून येतो, कंप किती, तेल कुठं गळतं हे लिहायचो. मग पोरांच्या बाबतीत एवढा डॉक्टर होऊन निदान कशाला करत होतो? म्हणून आधी मापं घ्यायला लागलो. प्रत्येक जॉबला गुण्या आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून नोंद केली की कोणती कड किती खाली गेली, स्वतःकडची की पलीकडची.

महिनाभरात दोन गोष्टी वर आल्या.

पहिली माझ्याबद्दल होती. पोरांना मी ओरडून सांगायचो, "हात सरळ ठेवा, अंग हलू देऊ नका." एकदा एका पोराला म्हटलं, मी कानस मारतो, तू बाजूनं मोबाइलवर शूटिंग घे, मग सगळे बघू. संथ करून लावलं. पडद्यावरचा माणूस अंग हलवत होता, आणि चांगलं हलवत होता. डावा गुडघा वाकत होता, कमरेपासून सगळं धड पुढं जात होतं. सुरुवातीला डाव्या तळव्याचा भार कानशीच्या टोकावर जास्त, पुढं सरकताना तो हलका होत गेलेला आणि उजव्याचा वाढत गेलेला. कानस जॉबवरून पुढं जाते तशी टोकाकडची लांबी वाढते, मुठीकडची कमी होते, म्हणून दोन्ही हातांच्या जोराचा तराजू सतत बदलावा लागतो. नाही बदलला की कानस झोपाळ्यासारखी डुलते आणि कडा खाते. हे काही माझं संशोधन नव्हे. निमीच्या, म्हणजे आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या पुस्तकात स्पष्ट छापलेलं आहे, दर वर्षी मीच ते वर्गात वाचून दाखवतो. वर्कशॉपमध्ये आलो की मात्र 'हात सरळ ठेवा'.

शूटिंग घेणारं पोरगं हळूच म्हणालं, "सर, तुम्ही तर आम्हाला उलटंच सांगायलाव."

माझ्या अंगात ते इतकं मुरलं होतं की मी ते करतो हेच मला माहीत नव्हतं. हात सरळ जातो असं मला आतून वाटायचं, म्हणून तेच सांगायचो. दादांनी नुसतं 'बघ' म्हणून निदान चुकीचं तरी काही सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट उंचीची. ज्यांची स्वतःकडची कड खाली जात होती, त्या जॉबचे हजेरी क्रमांक मी एका ओळीत लिहिले आणि पोरांकडं बघितलं तर सगळी बुटकी पोरं. आमच्या वर्कशॉपमधले वीसही व्हाइस एकाच मापाच्या टेबलांवर बोल्ट मारून बसवलेले आहेत, जबडा जमिनीपासून १०६ सेंटिमीटरवर. कोपरं मोजली. सगळ्यांत खालचं कोपर ९३ वर, सगळ्यांत वरचं १११ वर. व्हाइस कोपराच्या उंचीला हवा हा कारागिरांचा जुना नियम आहे. जबड्यावर कोपर टेकवून मूठ वर करायची, ती हनुवटीला लागली की उंची बरोबर. वाळूजला पहिल्याच दिवशी फोरमननं मला असं उभं करून बघितलं होतं. माझी मूठ बरोबर हनुवटीला लागली, आणि ज्याचं जमून जातं तो नियम विसरून जातो, तसं माझं झालं.

बुटक्या पोरांमध्ये बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली होती. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कारखान्यावर जाणार, गुढीपाडव्याच्या सुमाराला परतणार, लहानपण निम्मं फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेलेलं. त्यांच्या उंचीचं कारण शोधायला मला वहीची गरज पडली नाही.

टेबलं बदलणं माझ्या हातात नव्हतं. त्यासाठी जो कागद लिहायचा तो लिहिला, आणि तो अजून कुठल्या तरी टेबलावर आहे, त्याची उंची मला माहीत नाही. मग यंत्राच्या खोक्याच्या फळ्या जोडून पायाखाली घ्यायचे पाट केले, दोन उंचीचे. पहिल्या आठवड्यात एक पाट हलला, पोरगं घसरलं, घोटा सुजला. रात्री झोप आली नाही. नंतर सगळ्या पाटांना खालून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि वरून जुन्या टायरचं रबर लावलं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची कड वर यायला लागली.

मी खूश होऊन बायकोला सांगायला गेलो. तिनं विचारलं, "फळीनं सुधारले, का तुम्ही महिनाभर रोज जवळ जाऊन उभे राहिलात म्हणून?"

ही बाई फिटर झाली असती तर कारखाना चालवला असता.

प्रश्न जुना आहे, हे नंतर वाचनात आलं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून काही वर्षं उजेड वाढवून काम वाढतं का ते तपासलं गेलं. पुढं त्याची आठवण राहिली ती वेगळ्याच कारणानं, कुणीतरी आपल्याकडं बघतंय एवढ्यानंही माणसाचं काम बदलत असावं. त्या प्रयोगांवर पुढं पुष्कळ वाद झाले, ते बाजूला ठेवू. पण माझ्या वर्कशॉपमध्ये शंका खरी होती. पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवसापासून पाट दिले आणि मुद्दाम पहिले पंधरा दिवस नेहमीसारखा लांबून फिरलो. सुधारणा दिसली, पण आधीच्या तुकडीइतकी नाही. निम्मं श्रेय फळीचं आणि निम्मं जवळ उभं राहण्याचं, असं आता मी धरतो. वीस पोरांच्या दोन तुकड्यांवरून कुणी प्रबंध लिहू नये. मला मात्र सकाळी कुठं उभं राहायचं ते कळलं.

वही सुरू राहिली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिला वेगळंच वळण लागलं. मोबाइलवर कानस कशी शिकवणार? मी पोरांना सांगितलं, घरात जे अवजार असेल त्याचा व्हिडिओ पाठवा आणि ते कशासाठी वापरतात ते बोला. एका सुताराच्या पोरानं बापाचा रंधा दाखवत सांगितलं, "इथं अर्धं सूत सोडायचं, नाहीतर चौकट आवळते." वर्गात व्हर्नियरपुढं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या उपकरणापुढं हेच पोरगं मुकं व्हायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. शाळा उघडल्यावर मी व्हर्नियरचा तास सुतापासून सुरू केला. आमच्या व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचता येतं, तर तुझ्या एका सुतात असे भाग किती? जवळजवळ १६०. पोरगं बघतच राहिलं. बाप ज्याला बारीक म्हणतो त्याच्या पोटात आणखी एवढी घरं आहेत, हे त्याला कळलं, आणि आधी बापाचं माप वर्गात आलं म्हणून कळलं.

हे सगळं चार भिंतींच्या आतलं. बाहेरचं यंत्र किती पुढं गेलंय, हे वहीतून कळत नाही. २०२२ पासून पोरांना अभ्यासक्रमातच वर्षाला १५० तास प्रत्यक्ष कामावर जाणं आहे. आम्हाला उजळणी वर्ग असतात, त्यात प्रोजेक्टर असतो. मी एका मे महिन्यात जालन्याला गेलो. तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये माझा जुना विद्यार्थी मेंटेनन्स सुपरवायझर आहे. त्याला म्हटलं, पंधरा दिवस मला हाताखाली घे, हेल्पर समज. तो लाजला, पण तयार झाला.

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, आत लालबुंद सळ्या सापासारख्या धावतायत. तिसऱ्या दिवशी एक बेअरिंग बदलायचं निघालं. मी सवयीनं पाइपचा तुकडा आणि हातोडा शोधायला लागलो. आतल्या रिंगवर पाइप ठेवून समतोल ठोके मारायचे, हेच मी बारा वर्षं शिकवत होतो आणि लहान बेअरिंगला ते चालतंही. पोरगं म्हणालं, "सर, तो हातोडा ठेवा जरा." त्यानं बेअरिंग इंडक्शन हीटरवर ठेवलं, ११० अंशांपर्यंत तापू दिलं, जाड हातमोजे घालून उचललं आणि ते शाफ्टवर बांगडीसारखं सरकलं. थंड होताना आपोआप आवळलं. एकही ठोका नाही. ठोक्यानं गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दोन महिन्यांनी मिल रात्री तीनला बंद पडते, हे त्यानं मला समजावलं. त्यात सर म्हणून मान होता आणि हेल्पर म्हणून सूचनाही होती. मला दोन्ही आवडलं.

खरं शिकायला मिळालं ते त्यानंतर. काम झाल्यावर शिफ्टच्या रजिस्टरमध्ये चार ओळी लिहायच्या असतात: काय बिघडलं, कशावरून कळलं, काय केलं, पुढच्या शिफ्टनं काय बघावं. आमच्याकडून गेलेली दोन पोरं तिथं होती. हाताची पक्की, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगची खरखर ओळखणारी. रजिस्टरमध्ये मात्र लिहायची, 'बेअरिंग खराब. बदलले.' मला माझी पोलीस डायरी आठवली. परत आल्यावर प्रत्येक जॉबच्या शेवटी पोरांना मराठीत चार ओळी लिहायला लावल्या. आधी कुरकुर झाली. आता एखादं पोरगं लिहितं, 'डावा हात लवकर सोडला म्हणून पुढची कड गेली.' ज्याला हे लिहिता येतं त्याला 'जा, परत' म्हणायची वेळ फारशी येत नाही, तो स्वतःच माघारी वळतो.

यंदाच्या तुकडीत एक मुलगी आहे, परळीकडची, डावखुरी. पहिल्या दिवशी मी तिला सवयीनं सांगणार होतो की उजव्यानं धर. थांबलो. म्हटलं, बघू या. कानस डाव्या मुठीत, उजवा पाय पुढं, सगळं उलट. माझा अंदाज होता की तिला जड जाईल, कारण दाखवणारा उजवा. पण दुसऱ्या आठवड्यातच तिचा जॉब तुकडीत सगळ्यांत सपाट निघाला. गुण्याखालून उजेडाची रेघसुद्धा नाही.

वहीत लिहिलं, 'डावखुरी, तरी आधी जमलं. का?' आठवडाभर उत्तर सापडेना. मग शनिवारी प्रात्यक्षिक देताना मान वर केली. मी टेबलाच्या अलीकडं, पोरं पलीकडं अर्धवर्तुळात, जशी गेली कितीतरी वर्षं उभी राहतात तशी. ती बरोबर माझ्या समोर होती. माझा उजवा हात तिच्या डाव्या हातासमोर, माझा डावा पाय तिच्या उजव्या पायासमोर. मी तिच्यासाठी आरसा होतो. तिला जे दिसत होतं ते ती जसंच्या तसं करत होती. बाकीच्या एकोणीस जणांना मात्र समोरचं मनातल्या मनात फिरवून घ्यावं लागत होतं, आणि त्यांच्याआधीच्या सगळ्या तुकड्यांनाही.

कानस तशीच जॉबवर राहिली. पोरांना वाटलं, सर काहीतरी विसरले.

सोमवारी टेबल भिंतीपासून ओढून घेणार आहे, म्हणजे सगळ्यांना माझ्या पाठीमागून, खांद्यावरून बघता येईल. हिला तेवढी समोर ठेवीन.